६१ पट्ट्यांचा कीबोर्ड, मेजर नाइन्थ-थर्टीन्थ आणि झाडीपट्टीचा एक हंगाम

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत धान निघाल्यापासून होळीपर्यंत रात्र-रात्र नाटकांना वाजलेला हा साधा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड. ऐन हंगामात मधल्या सप्तकातली पांढरी तीन, म्हणजे ‘ई’ची पट्टी, मुकी झाली. दुरुस्तीवाल्याने पूर्ण बोर्ड बदलायला सांगितला. बिलकूल गरज नव्हती. खालचे स्क्रू काढा, पट्ट्यांखालचं रबर उचला, त्याच्या काळ्या कार्बनच्या ठिपक्यांवरून आणि बोर्डावर ते जिथे टेकतात तिथून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा कापूस हलक्या हाताने फिरवा, पूर्ण वाळू द्या. वडशाकडच्या मैदानांतली धूळ नेमकी तिथेच जाऊन बसते. खर्च कापूस आणि एका बाटलीचा.

पण पांढरी एकचा, म्हणजे ‘सी’चा, सा धरला की हीच पट्टी गंधार. सा मुका झाला असता तर बास गिटारने निभावलं असतं. गंधार गेला की कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारा सुरांचा गुच्छ, मेजर की मायनर हेच कळत नाही. मेजर घराण्यातल्या लांब कॉर्डचा जीव ग आणि शुद्ध नी या दोघांत आहे, बाकीचे सूर पाहुणे.

सा ग प नी म्हणजे मेजर सेव्हन्थ. वर रे आला की नाइन्थ, ध आला की थर्टीन्थ. कीबोर्डसोबतच्या कॉर्डच्या तक्त्यात ‘सी नाइन’ आणि ‘सी मेजर नाइन’ एकाच चित्रावर उरकले आहेत, ही घोडचूक आहे. ‘सी नाइन’मध्ये नी कोमल, त्यामुळे कॉर्ड मध्यमाकडे ओढ घेतो. मेजर नाइन जागच्या जागी विसावतो. एका बोटाने आपोआप कॉर्ड वाजवणाऱ्या मोडमधला सेव्हन्थही कोमल नीचाच, म्हणून सगळे सूर स्वतः दाबायचा फिंगर्ड मोड लावा.

पहिल्या महिन्यात मत पक्कं होतं की थर्टीन्थ या यंत्रावर वाजवूच नये. सात सूर एकदम भोंग्यातून निघाले की नुसता गाळ. ते मत आता मागे घेतो. दोष सगळे सूर दाबण्यात होता. डाव्या हाताला एकटा खालचा सा. उजव्या हाताला मधल्या सा च्या लगेच खालचा नी, मग रे, ग, ध. पंचम सोडा, कोणालाही चुकल्यासारखं वाटत नाही. एका पट्टीवर दोन वाद्यं वाजवणारा ‘ड्युअल’ही बंद ठेवा: एका वेळी ३२ आवाज काढणाऱ्या यंत्रात पाच पट्ट्या दहा आवाज खातात, वर ऱ्हिदम. सूर लांबवणारं पेडल दाबून दोन-तीन कॉर्ड घेतले की आधीचे सूर मधेच तुटतात.

आता इलेव्हन्थ, म्हणजे मध्यम. तक्त्यात शुद्ध म छापलाय आणि खरी आग तिथे आहे. खाली ग, वर शुद्ध म, मध्ये १३ अर्धस्वर: सप्तकाच्या वर एक घर. हा खटका कुठल्याच आवाजात मऊ होत नाही, ऑर्गन लावा की स्ट्रिंग्ज. म ठेवायचा तर ग काढावा लागतो, आणि ग काढला की कॉर्ड सस्पेंडेड, म्हणजे अधांतरी, मेजर उरतच नाही. उपाय काळी तीन, तीव्र म. गंधारापासून पूर्ण स्वराचं अंतर मिळतं आणि कॉर्ड एकदम मोकळा होतो. आता सूर मोजा: सा ग प नी रे तीव्र म ध. हे यमनचे सातही सूर. यमनचा आरोह बहुधा नी रे ग असाच निघतो, सा आणि प टाळून. उजव्या हाताची बोटं आधीपासून तिथेच आहेत! हे सापडलं त्या दिवसापासून तक्ता पेटीतून बाहेर काढलेला नाही.

एक जागा मात्र सांभाळा. गायक सा वर थांबतो तेव्हा कॉर्डमधला नी त्याच्या सुराला अर्ध्या स्वरावरून घासतो, आणि गायकाला वाटतं आपणच उतरलो. तिथे अंगठा नीवरून खालच्या ध वर आणि करंगळी ध वरून प वर, दोन्ही एकेक पांढरी पट्टी खाली. मधले रे ग तसेच. हा सिक्स-नाइन, म्हणजे भूपचे पाच सूर. भूपच्या पदाला तर सुरुवातीपासून हाच धरा, नी लावूच नका. बदल गायक सा वर पोचायच्या अर्धी मात्रा आधी करा आणि त्याच क्षणी पेडल सोडा, नाहीतर जुना नी तसाच घुमत राहतो.