मोडी कागद की छापील खंड?
पेशवाईवर कादंबरी लिहायचीय तर पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मूळ मोडी रुमाल (कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे) उघडायचे की इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी १९३० च्या दशकात त्यातूनच निवडून छापलेले ४५ खंड वाचायचे? खंड सोपे, देवनागरीत आहेत, घरी चहा पीत वाचता येतात, पण निवड त्यांची, म्हणजे राजकारण, लढाया जास्त. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही, एका पानाला अख्खी दुपार जाते (डोळेही जातात). पण तुपाचा भाव, कुणाचा पगार थकलाय, मुदपाकखान्याचा खर्च, असलं बारीकसारीक तिथेच सापडतं आणि सीन त्यावरच उभा राहतो ना. मी तर सांगाडा खंडांतून घेईन, मांस रुमालातून. मोडीचा क्लास मात्र आधी लावा, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा.