फायरफॉक्सची गोपनीयता : मूळ रचना भक्कम, खुलासा अपुरा

गोपनीयतेची सोय सेटिंग्जमध्ये शिरून शोधावी लागत असेल, तर बहुतेक वापरकर्त्यांच्या लेखी ती नसल्यातच जमा असते. मोझिलाने जून २०२२ पासून फायरफॉक्सच्या डेस्कटॉप आवृत्तीत 'टोटल कुकी प्रोटेक्शन' सर्वांसाठी आपोआप लागू केले, हा निर्णय म्हणूनच मला या ब्राउझरची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटतो. यात तृतीय पक्षाची कुकी, म्हणजे उघडलेल्या पानावर दुसऱ्याच संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये साठवलेली ओळखीची छोटी नोंद, सरसकट अडवली जात नाही; प्रत्येक संकेतस्थळाला कुकींचा स्वतंत्र कप्पा मिळतो. त्यामुळे दोन संकेतस्थळांवर एकाच जाहिरात कंपनीचा कोड असला, तरी एका कप्प्यातील ओळख तिला दुसऱ्या कप्प्यात वाचता येत नाही, आणि पानेही सहसा मोडत नाहीत.

सहसा म्हणण्याचे कारण आयफ्रेममधील, म्हणजे पानात बसवलेल्या दुसऱ्या संकेतस्थळाच्या चौकटीतील, लॉगिन. तेथे वापरकर्ता आधीच लॉगिन केलेला असूनही अनोळखी ठरू शकतो आणि याचे कारण ब्राउझर त्याला सांगत नाही. ॲड्रेस बारमधील ढालीवर क्लिक करून त्या संकेतस्थळापुरते संरक्षण बंद करता येते, पण हे ठाऊक असणारे थोडेच. डेव्हलपरची स्थिती बरी आहे : ब्राउझरच्या डेव्हलपर साधनांतील कन्सोलमध्ये कुकी विभागली गेल्याची सूचना मिळते, 'स्टोरेज' पॅनेलमध्ये कुकी कुठे पाठवावी आणि कोणी वाचावी हे ठरवणारे सेमसाइट, सिक्युअर आणि एचटीटीपीओन्ली हे गुणधर्म कुकीनिहाय दिसतात, आणि स्टोरेज ॲक्सेस एपीआयद्वारे कप्प्याबाहेरील कुकी वाचण्याची रीतसर परवानगी मागता येते. जाहिरातीसाठी नव्हे, तर खऱ्या गरजेसाठी कुकी वापरणाऱ्याने हाच मार्ग धरावा.

कप्प्यांनी फिंगरप्रिंटिंग मात्र थांबत नाही, कारण तेथे ओळख कुकीवरून नव्हे, तर फॉन्ट, स्क्रीन आणि टाइमझोन यांवरून पटवली जाते. त्यावर निनावी वापरासाठीच्या टोर ब्राउझरच्या कामातून आलेला कडक पर्याय अबाउट:कॉन्फिग या प्रगत सेटिंग्जच्या पानावर आहे. तो सुरू केल्यास संकेतस्थळांना यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळेची) वेळ सांगितली जाते आणि ऑनलाइन कॅलेंडरवरील बैठका भलत्याच वेळी दिसू लागतात. रोजच्या वापरासाठी मी तो सुचवणार नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये आलेला, एन्क्रिप्टेड (सांकेतिक) जोडणीचा आग्रह धरणारा 'एचटीटीपीएस-ओन्ली' मोड अवश्य सुरू करावा. प्रायव्हेट विंडो संगणकावरील इतिहास टाळते, इंटरनेट पुरवठादारापासून काही लपवत नाही. साठवलेल्या पासवर्डांना कुलूप घालणारा 'प्रायमरी पासवर्ड' स्वतःहून ठेवावा लागतो. तो नसेल, तर प्रोफाइलचे (फायरफॉक्सने साठवलेल्या माहितीचे) फोल्डर हाती लागलेल्या माणसाला ते पासवर्ड उलगडता येतात, आणि इतक्या नाजूक बाबतीत फायरफॉक्स पहिल्याच वेळी विचारत नाही, हे मला खटकते.