सेकंड हँड स्पिनेकर आणि 'कार्बन' पोल घेताय? आधी हे वाचा (आमचे 42,300 गेले)

42,300 रुपयांना फसलो. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण पुढे पोलीस, बँक, जिथे जिथे गेलो तिथे 'एवढ्याशासाठी आलात?' ऐकून घ्यावं लागलं. आमच्यासाठी तो एवढासा नाहीये, माझा आणि माझ्या मावसभावाचा मिळून पूर्ण सीझनचा बोटीचा खर्च आहे तो.

बोट फायरबॉल, जुनी पण हल, म्हणजे बोटीचं मूळ अंग, एकदम कडक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दोघांची रेसिंग डिंगी, 4.93 मीटर, पीटर मिल्नचं 1962 चं डिझाइन. 1982 च्या एशियाडला इथेच मुंबईत फारूख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी याच क्लासमध्ये गोल्ड काढलं होतं. वारा मागून असला की पुढे फुगतं ते रंगीत शीड म्हणजे स्पिनेकर, साधारण 13 चौरस मीटर कापड, आणि त्याचा एक कोपरा मास्टपासून, म्हणजे डोलकाठीपासून, लांब धरून ठेवतो तो पोल. आमचा स्पिनेकर इतका जुना झाला होता की शर्यतीत वारा मागून घेत जायच्या दर टप्प्याला, डाउनविंड लेगला, दोन-तीन बोटी आरामात पुढे जायच्या. पोलच्या एका टोकाची पिन अडकायची, जाइब करताना, म्हणजे मागचा वारा दुसऱ्या बाजूला घेताना, भाऊ पुढे उभा राहून तिच्याशी झटापट करत बसायचा.

नवीन मागवायचं तर भाडं आणि कस्टम्स धरून शीड 92,000 आणि पोल 31,000 असं कोटेशन आलं होतं. शक्यच नव्हतं. म्हणून आपण सगळे शोधतो तेच आम्ही शोधत होतो, कोणत्या तरी चांगल्या टीमने एखादा सीझन वापरून काढलेला सेट.

सेलिंगचं जुनं सामान विकायच्या एका ग्रुपवर हा माणूस भेटला. गोव्याला असतो म्हणाला, नेव्हीतून रिटायर्ड, आता मुलांना कोचिंग देतो. आता तुम्ही म्हणाल फौजी आणि ऑनलाइन विक्री म्हटल्यावरच कळायला हवं होतं. हो, ते आयडी कार्डाचा फोटो आणि क्यूआर पाठवणारे मलाही माहीत आहेत, पण याने त्यातलं काहीच केलं नाही. उलट यानेच विचारलं, मास्टवरची रिंग किती उंचीवर आहे, शूट आहे की बॅग, पोल लाँच करायची लाइन कुठून आणलीये. हे प्रश्न बाहेरचा माणूस विचारत नाही. तो सेलिंगमधलाच आहे आणि त्याचाच जास्त संताप येतो.

शीड 24,000, कार्बन फायबरचा पोल 12,500. 'एकाच रेगाटाला (शर्यतींच्या स्पर्धेला) वापरलाय.' 10,000 टोकन पाठवलं. मग त्याने व्हिडिओ पाठवला, तो बघून उरलेले 26,500. मग कुरियरचे 2,000. मग पोल लांब असल्यामुळे 'ओव्हरसाइज'चे आणखी 3,800. हे शेवटचे 3,800 द्यायचे नाहीत असं भाऊ म्हणत होता, पण 38,500 आधीच अडकले होते, तिथे हात आखडून काय होणार होतं?

आता तो व्हिडिओ. त्यात तो पोल हातात फिरवतो, कार्बनची जाळी चमकताना दिसते, आणि शेवटी पोल फरशीवर टेकवतो तेव्हा टण्ण असा आवाज येतो. स्पष्ट. कार्बनची नळी अशी वाजत नाही, तिचा आवाज बद्द येतो, टक् करून. सेलिंग करणारा कोणीही हे सांगेल, मीही सांगितलं असतं. पण मी तो व्हिडिओ बघितला संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये, उभ्याने, आवाज जेमतेम, आणि हा मागे लागलेला की दुसरा गिऱ्हाईक तयार आहे, अर्ध्या तासात सांगा. नंतर घरी शांतपणे लावला तेव्हा पहिल्या खेपेलाच ऐकू आला तो टण्ण. भावाला ऐकवला, तो काही बोललाच नाही. आणखी एक, नळीवर लांबीभर एक सरळ रेघ दिसते. कार्बनवर अशी शिवण कुठून येणार? ती स्टिकरच्या जोडाची रेघ होती. ज्याच्या हातात ऑक्टोबरच्या आधी सामान पडायलाच हवं आणि ज्याला समोरून घाई केली जातेय त्याला ती रेघ दिसत नाही, हे मी आजही म्हणतो. हा सापळा घाईवरच चालतो.

पार्सल आलं, क्लबवर उघडलं. पोलचं टोक काढलं तर आत चकचकीत अॅल्युमिनियम. भावाने नखाने वरचं व्हायनल सोललं तर खाली मधोमध पोचा, आणि स्टीलच्या रिव्हेटांपाशी पांढरी भुकटी, खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियम स्टीलशेजारी असंच खराब होतं. भर वाऱ्यात रीचिंग करताना, म्हणजे वारा बाजूने घेत जाताना, हा पोल त्या पोच्यावर मोडला असता तर पुढे भावाचा हात होता! पैशापेक्षा मला हे जास्त लागलंय.

स्पिनेकर तर धुऊन पाठवला होता, साबणाचा वास येत होता. नायलॉनला वरून कोटिंग असतं म्हणून नवीन कापड हातात कुरकुरतं. हे ओढणीसारखं लुळं. तोंड लावून फुंकलं तर हवा आरपार. दोन्ही लीच, म्हणजे बाजूच्या कडा, एकमेकांवर ठेवून घडी घातली तर एक बाजू 7 सेंटीमीटर आखूड, म्हणजे फाटल्यावर कापून शिवलेलं. शीड मोजून पास केल्याची मेजरमेंटची सही पुसट करून ठेवलेली. कुणालाही सामान दाखवायला सांगताना हीच घडी आणि हीच फुंकर व्हिडिओ कॉलवर लाइव्ह करायला लावा, रेकॉर्ड केलेला व्हिडिओ घेऊ नका. पोल वजनकाट्यावर ठेवायला सांगा. टोक काढून नळीची कड दाखवायला सांगा. नाही म्हणाला की विषय संपला.

त्याला फोन केला तर आधी 'कुरियरवाल्याने बदललं असेल' आणि मग ब्लॉक.

पोलीस ठाण्यात गेलो. पहिला प्रश्न, 'माल मिळाला ना? मग फसवणूक कसली, हे दिवाणी प्रकरण आहे.' मी म्हटलं साहेब, कार्बन सांगून स्टिकर लावलेला पाइप दिलाय, हे बघा. ते म्हणाले बोटीच्या कापडाला एवढे पैसे कोण देतं. मग म्हणाले माणूस गोव्याचा, गोव्यात जा. अहो, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्येच लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी माहिती घ्यायची! ते मी छापून नेलं, टेबलावर ठेवलं, कुणी हातात घेतलं नाही. फसवणुकीचं कलम, भारतीय न्याय संहितेचं 318, तेही मीच सांगितलं. शेवटी साधा अर्ज घेतला आणि शिक्का मारून दिला. नंतर विचारायला गेलो की तपास करणारे साहेब कधी बंदोबस्तावर, कधी कोर्टात, आणि त्यांच्या जागी बसलेल्याला काही माहीत नाही. विकणाऱ्याचा नंबर, यूपीआय आयडी, खातं ज्या नावावर आहे ते नाव, कुरियरची पावती, सगळं मी फाइल लावून दिलंय. अजून काय शोधून द्यायचं? माणूस पकडून आणून द्यायचा?

बँकेत सांगितलं, 'पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काही करू शकत नाही.' दोन मिनिटांत विषय मिटवला. समोरचं खातं ज्या बँकेत आहे ते म्हणाले पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले आधी बँकेचं स्टेटमेंट आणा. या दोन टेबलांमध्ये माझ्या कामावरच्या रजा गेल्या.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरवर तक्रार केली, पण पार्सल येईपर्यंत दिवस गेलेले आणि तोवर खात्यातून पैसे उचललेले. पैसे खात्यात असतानाच ते गोठवता येतात, म्हणून संशय आला त्या तासाला फोन करा, माल बघू मग ठरवू असं करू नका. पार्सल सील दिसेल असं व्हिडिओ काढत उघडा, आमच्याकडे तो आहे म्हणून निदान 'तुम्हीच बदललं असेल' हे ऐकावं लागलं नाही. आणि टोकन कुणालाच नाही. त्या गावात आपल्या ओळखीचा एक तरी सेलर असतो, त्याला सामान हातात घेऊन बघायला सांगा आणि मगच पैसे.

आम्ही आता जुनाच स्पिनेकर एका शिडं शिवणाऱ्याकडे दिलाय, फाटलेले पॅनल बदलून 8,500 सांगितलेत. जुन्या पोलची नळी ठीक आहे, फक्त दोन्ही टोकं नवीन बसवतोय, 4,200. हेच आधी करा, मग बाकीचं.

आणि हे महत्त्वाचं, मागच्या आठवड्यात तोच माणूस दुसऱ्या नंबरवरून, दुसऱ्या नावाने, 470 या दुसऱ्या डिंगी क्लासचा स्पिनेकर आणि पोल विकायला आलाय. 'एकाच रेगाटाला वापरलाय', टोकन 10,000, फोटोत मागे तीच निळ्या टाइल्सची भिंत. कुणी पैसे पाठवले असतील तर पार्सलची वाट बघू नका, आत्ता 1930 लावा आणि मला मेसेज करा, माझ्या अर्जाची शिक्का मारलेली कॉपी देतो, तुमच्या तक्रारीला जोडा.