रक्त तपासलेच गेले नव्हते

इंदूरला रामबागेत आमच्याकडे चिमी नावाची सहा वर्षांची कुत्री आहे. गेल्या भाद्रपदात तिने दोन दिवस पोळीला तोंड लावले नाही आणि तिच्या कानामागे गोचीड दिसले, तेव्हा ओळखीतून कळलेल्या एका गृहस्थांना आम्ही घरी बोलावले. स्वतःला डॉक्टर म्हणवणाऱ्या त्या माणसाने ताप न मोजताच 'टिक फीव्हर' (गोचिडांमुळे येणारा ताप) असे सांगून रक्त घेतले आणि संध्याकाळी मोबाइलवर अहवाल पाठवला : एर्लिकिया (गोचिडांमधून पसरणारा एक जंतू) पॉझिटिव्ह, हिमोग्लोबिन ११.४, प्लेटलेट ६२,०००. त्यानंतर नऊ दिवस रोज ९०० रुपये घेऊन सलाइन आणि इंजेक्शन चालू राहिले. इंजेक्शन कसले, असे विचारले की 'ताकदीचे' एवढेच उत्तर मिळे, आणि आम्ही ते मान्य करत गेलो, याचे मला आजही वाईट वाटते.

नवव्या दिवशी दुसरा अहवाल आला. आईने दोन्ही अहवालांच्या छापील प्रती शेजारी-शेजारी ठेवून वाचल्या, तर आकडे दशांशापर्यंत तेच होते आणि बदललेली होती ती केवळ तारीख. इकडे चिमीच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली होती.

त्याच दुपारी आम्ही तिला महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेले. रक्त कोणत्या टोपणाच्या नळीत घेतले होते, हा तिथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता. लाल, असे मी सांगितल्यावर त्यांनी समजावले की पेशी मोजण्यासाठी रक्त गोठू न देणारे द्रव्य असलेली जांभळ्या टोपणाची नळी लागते. साध्या नळीत रक्ताची गुठळी होते आणि त्यातून प्लेटलेट मोजताच येत नाहीत. म्हणजे पहिला अहवालसुद्धा कोणत्याही तपासणीतून आलेला नव्हता. त्यांनी कानाच्या कडेला सुई टोचून काचपट्टीवर थेंब पसरला, आणि रंगवलेल्या त्या पट्टीवर तांबड्या पेशींच्या आत बबेसियाचे बारीक परजीवी दिसले. हिमोग्लोबिन प्रत्यक्षात ५.१ होते.

एर्लिकिया आणि बबेसिया हे दोन्ही आजार गोचिडांमुळेच होतात, परंतु त्यांची औषधे वेगळी आहेत. एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिन साधारण २८ दिवस देतात. चिमीला झालेल्या बबेसियाच्या गिब्सोनी या प्रकाराला ते एकटे पुरत नाही. तिला ॲटोव्हाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिन १० दिवस दिले, आणि त्यांतील पहिले औषध स्निग्ध अन्नाबरोबरच नीट शोषले जात असल्यामुळे आई दर आठ तासांनी तुपाच्या घासात ते भरवत असे. नऊ दिवस वाया गेले नसते, तर तिला रक्त चढवण्याची वेळ आली नसती.

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशुवैद्यकाची नोंदणी असावी लागते. आपल्या जनावराला हात लावू देण्याआधी नोंदणी क्रमांक कृपया अवश्य विचारा, औषधांची चिठ्ठी लेखी मागा, आणि अहवालावर प्रयोगशाळेचे नाव व सही असेल तर तिथे स्वतः फोन करून खात्री करा. आम्ही तो फोन दहाव्या दिवशी केला, तेव्हा चिमीच्या नावाचा नमुना त्या प्रयोगशाळेत कधी आलाच नव्हता, असे कळले.