व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया: सोळा दिवसांची सहल आणि त्यानंतरचे आठ महिने

सहलीहून परतल्यावर आठवड्याभरात कंपनीचा अभिप्रायाचा फॉर्म आला, तेव्हा प्रवासाच्या आनंदात मी सगळ्याच रकान्यांत 'उत्तम' असे लिहून पाठवले होते. आज आठ महिन्यांनी तोच फॉर्म हाती आला तर मी तो वेगळा भरीन. कोणत्या गोष्टी मनात टिकल्या आणि कोणत्या पुसल्या गेल्या हे आता स्पष्ट झाले आहे आणि अशा सहलीचा विचार करणाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

गेल्या जानेवारीत मी आणि माझे पती एका पर्यटन कंपनीच्या गटासोबत हे तीन देश फिरलो. गटात आम्ही चोवीस जण होतो, बहुतेक साठीच्या आसपासचे. मुंबईपासून सोबत असलेला मराठी टूर मॅनेजर आणि प्रत्येक ठिकाणी स्थानिक गाइड अशी व्यवस्था होती. मी निवृत्तीपर्यंत महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत होते, त्यामुळे पत्रकातल्या 'संस्कृती आणि निसर्ग' या शब्दांवर माझा भर होता.

व्हिएतनामचे पहिले दिवस मध्यम गेले. जानेवारीत हनोईत स्वेटर घालावा लागतो आणि पाऊस भुरभुरत असतो. हालाँगच्या खाडीत धुक्यामुळे चुनखडीचे सुळके जेमतेम शंभर-दोनशे मीटरवर दिसत होते. हवामानाबद्दल कोणाला दोष देता येत नाही, पण या महिन्यात असे होऊ शकते हे आरक्षणाच्या वेळी सांगायला हवे होते. त्याच दिवशी वाटेत मोत्यांच्या एका दुकानात आम्हाला सव्वा तास बसवून ठेवले, याचा दोष मात्र नियोजनाचाच आहे.

त्या सव्वा तासाची किंमत मला 'मी सोन' या नावाच्या मंदिरसमूहात कळली. होई आन या शहरापासून तास-सव्वा तासाच्या अंतरावर, डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात चंपा या व्हिएतनाममधल्या प्राचीन राज्याची शिवमंदिरे आहेत. चौथ्या शतकात राजा भद्रवर्मन याने येथे भद्रेश्वराची स्थापना केली आणि पुढे अनेक शतके येथे विटांची मंदिरे उभी राहत गेली. विटांच्या सांध्यांत चुन्याची रेघ दिसत नाही. भिंत जणू एकाच मातीतून कोरून काढल्यासारखी वाटते. १९६९ च्या अमेरिकी बॉम्बवर्षावात येथील सर्वांत भव्य मंदिर कोसळले. आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने अलीकडे येथे जीर्णोद्धाराचे काम केले आणि त्या कामातच २०२० साली नवव्या शतकातले अखंड दगडाचे शिवलिंग सापडले. हे सगळे पाहायला आम्हाला पन्नास मिनिटे मिळाली. ज्या माणसाला आयुष्यात एकदाच तेथे जायचे आहे, त्याला पन्नास मिनिटे पुरत नाहीत.

लाओसमध्ये फक्त लुआंग प्रबांग आणि तेही दोनच रात्री. मेकाँग आणि नाम खान या नद्यांच्या संगमावर वसलेले हे छोटे शहर १९९५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. येथे पहाटे भिक्खूंची भिक्षाफेरी निघते, तिला ताक बात म्हणतात. आमच्या लाओ गाइडने आदल्या संध्याकाळी सर्वांना बसवून समजावले की खांदे व गुडघे झाकलेले असावेत, फ्लॅश वापरू नये, आणि भिक्षा द्यायची नसेल तर रस्त्याच्या पलीकडे शांत उभे राहावे. पहाटे अंधारात आम्ही तसेच उभे राहिलो. समोर एक आजी चटईवर गुडघे टेकून, खांद्यावरून उपरणे घेऊन बसल्या होत्या. बांबूच्या झाकणाच्या टोपलीतून त्या गरम चिकट भाताचा बोराएवढा गोळा बोटांनी वळत आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येक पात्रात ठेवत. कोणी कोणाकडे पाहत नव्हते. रांगेच्या टोकाला एक रिकामी टोपली घेऊन बसलेल्या मुलाला एका लहान सामणेराने, म्हणजे बालभिक्खूने, आपल्या पात्रातला भात काढून दिला. थोड्या अंतरावर दुसऱ्या एका गटाची माणसे भिक्खूंच्या तोंडासमोर मोबाइल धरत होती. आमच्या गटातल्या एकानेही तसे केले नाही, याचे पूर्ण श्रेय त्या गाइडच्या आदल्या संध्याकाळच्या अर्ध्या तासाला आहे.

क्वांग सी धबधब्याचे पाणी कोरड्या दिवसांत निळसर हिरवे दिसते, आणि त्यातला चुना साचून तयार झालेल्या पायऱ्यांवरून ते उतरत येते. वाटेवर, पित्तासाठी चालणाऱ्या अस्वलांच्या व्यापारातून सोडवलेल्या काळ्या अस्वलांचे आश्रयस्थान आहे, तेथे थांबावेच. शहरातले न फुटलेल्या बॉम्बांविषयीचे माहिती केंद्र कार्यक्रमात नव्हते. गाइडने आपणहून, जेवणाच्या वेळातून वेळ काढून आम्हाला तेथे नेले. १९६४ ते १९७३ या काळात या छोट्या देशावर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले गेले आणि न फुटलेले बॉम्ब आजही शेतांत सापडतात. चेंडूएवढ्या त्या गोळ्यांना तेथे बॉम्बी म्हणतात. मुले खेळणे समजून ते उचलतात, हे ऐकल्यावर गटातल्या एका आजोबांना बाहेर जाऊन बसावे लागले. पत्रकात असलेल्या पाक ऊ या बुद्धमूर्तींच्या गुंफा मात्र विमानाची वेळ बदलल्याने गळाल्या. त्यांचे पैसे परत मिळाले, पण त्यासाठी दोन महिने ईमेल करावे लागले.

कंबोडियात चार रात्री होत्या आणि या सहलीचे मोल तेथेच वसूल झाले. अंगकोर या प्राचीन मंदिरनगरीचा तीन दिवसांचा पास ६२ डॉलरचा असतो. तो खर्चात धरलेला होता. अंगकोर वाट पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे सूर्योदय पाहायला सारी गर्दी पश्चिमेच्या तळ्याकाठी जमते. आमच्या गाइडने आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वेच्या बाजूने आत नेले आणि थेट समुद्रमंथनाच्या भिंतीसमोर उभे केले. तेथे तेव्हा आमच्याखेरीज कोणी नव्हते. पन्नासेक मीटर लांबीचे ते शिल्प सकाळच्या तिरप्या उन्हात उजळत होते. डावीकडे असुर, उजवीकडे देव, मधोमध विष्णू, खाली कूर्म. कथा आपल्याला पाठ असते, म्हणून आपण भरभर पुढे सरकतो. गाइडने थांबवून मंदराचलाच्या बुंध्याशी पाहायला सांगितले. दूरवरच्या पाण्यात मासे आणि मगरी अखंड आहेत. घुसळणीच्या जवळ येतील तशी त्यांची शरीरे तुटलेली, दोन तुकडे झालेली दिसतात. मंथनाचा वेग त्या शिल्पकाराने माशांच्या देहांतून दाखवला आहे. लहानपणापासून ऐकलेल्या या कथेत त्या माशांचा विचार मी कधी केला नव्हता. आम्ही त्या भिंतीसमोर पाऊण तास होतो आणि कोणीही 'चला, चला' म्हटले नाही.

अंगकोरच्याच ता प्रोम मंदिरात भिंतींवर मुळे पसरून उभे असलेले प्रचंड वृक्ष सर्वांनी चित्रांत पाहिलेले असतात. तेथील लोक त्यांना स्पुंग म्हणतात. शास्त्रीय नाव टेट्रामेलेस न्यूडिफ्लोरा. हाच वृक्ष आपल्या सह्याद्रीच्या जंगलांतही आढळतो, आणि परक्या देशात तो ओळखता आला याचा आनंद मला शब्दांत सांगता येणार नाही. झाड काढले तर भिंत ढासळते आणि झाड वादळात पडले तरी भिंत घेऊनच पडते, असा तेथला पेच आहे. भारतीय पुरातत्त्व विभाग तेथे अनेक वर्षे काम करत आहे. नर्तकींच्या दालनाचे काम २०२२ मध्ये पूर्ण झाले.

तोन्ले साप सरोवरावरचे प्रेक तोआल पक्षी अभयारण्य जास्तीचे पैसे भरून घ्यावे लागले आणि चोवीसपैकी आम्ही सहाच जण गेलो. भिगवणला चित्रबलाक पाहिलेल्यांना तेथे घरच्यासारखे वाटेल, फक्त थव्यांचा आकार पाहून शब्द संपतात. पावसाळ्यात मेकाँगला पूर आला की तिचे पाणी उलटे शिरते, तोन्ले साप नदीचा प्रवाह दिशा बदलतो आणि सरोवर कोरड्या दिवसांच्या चार-पाच पट पसरते. जानेवारीत सरोवराकाठच्या काँपोंग फ्लूक गावाची घरे उंच खांबांवर उभी दिसली होती. ऑगस्टमध्ये आमच्या गाइडने तेथलाच एक फोटो पाठवला; ज्या जिन्यावर आम्ही बसून नारळपाणी प्यायलो होतो, त्याच्या वरच्या तीनच पायऱ्या पाण्याबाहेर होत्या.

खरेदीचाही आठ महिन्यांचा हिशेब सांगते. सहलीच्या बसने नेलेल्या दुकानातून घेतलेल्या रेशमी स्कार्फचा रंग पहिल्याच धुण्यात गेला. लुआंग प्रबांगजवळच्या सांग खोंग या विणकरांच्या गावात, माग चालवणाऱ्या बाईंकडूनच घेतलेली निळी शाल मी थंडीभर वापरली आणि ती आजही तशीच आहे.

शाकाहारी मंडळींनी एवढे ध्यानात ठेवावे की साध्या दिसणाऱ्या भाजीतही माशांचे सॉस असते. व्हिएतनाममध्ये 'आन चाय' असे म्हटल्यास शुद्ध शाकाहारी जेवण मागितल्याचे समजते. कंबोडियात डॉलर चालतात, पण किंचित फाटलेली नोट कोणी घेत नाही. गुडघे दुखत असतील तर अंगकोर वाटच्या सर्वांत वरच्या टप्प्याचा जिना चढू नये, तो फार उभा आहे.

कंपनीकडे पैसे भरण्यापूर्वी दिवसवार कार्यक्रमात दुकानांचे थांबे किती आणि प्रत्येक स्थळी प्रत्यक्ष किती तास, हे लेखी मागून घ्यावे. आम्ही ते विचारले नव्हते. हीच सहल मी इतरांना सुचवीन, मात्र हालाँगचा मुक्काम कमी करून लुआंग प्रबांगला आणखी दोन रात्री मिळत असतील तरच. आमचे स्वतःचे म्हणाल तर येत्या डिसेंबरात आम्ही दोघे गटाशिवाय फक्त लाओसला जात आहोत, आणि त्याच गाइडला आतापासून कळवून ठेवले आहे.