दांडीचे मीठ सत्याग्रह स्मारक : जाण्याआधी काय वाचावे, गेल्यावर काय पाहावे

नवसारीपासून 15 ते 20 किलोमीटरवर, समुद्राकाठच्या दांडी गावात उभारलेले राष्ट्रीय मीठ सत्याग्रह स्मारक 30 जानेवारी 2019 रोजी खुले झाले. त्याच्या रचनेचे काम मुंबईच्या आयआयटीच्या समन्वयाने झाले आणि विषयाचा नीट अभ्यास करूनच ते केले गेले, हे आवारात फिरताना जाणवत राहते.

सर्वाधिक वेळ द्यावा तो पदयात्रींच्या पुतळ्यांना. हे सुमारे 80 पुतळे माणसाच्या उंचीचे आहेत आणि अनेक शिल्पकारांच्या हातचे असल्यामुळे एकाचा चेहरा किंवा चाल दुसऱ्यासारखी नाही. 12 मार्च 1930 रोजी साबरमतीहून निघालेल्या या तुकडीत भजनांची बाजू सांभाळणारे पंडित नारायण मोरेश्वर खरे होते, हे मराठी पाहुण्यांनी आवर्जून ध्यानात ठेवावे. चोवीस दिवसांच्या वाटचालीतील प्रसंग भित्तिशिल्पांत मांडले आहेत; तीही सावकाश पाहण्याजोगी आहेत.

मला सर्वांत मोलाची वाटली ती मीठ तयार करण्याची सोय. भांड्यात खारे पाणी ओतायचे, सौर विजेवर ते तापून आटते आणि तळाशी पांढरे मीठ उरते. ते पाहुण्यांना घरी नेता येते. एवढी साधी कृती त्या काळी गुन्हा होती. जो कायदा मोडायला शस्त्र, पैसा किंवा शिक्षण लागत नाही, केवळ चूल आणि मडके पुरते, तो निवडण्यामागची दूरदृष्टी येथे स्पष्ट दिसते.

स्मारकाचा भर यात्रेवर आहे आणि तो योग्यच आहे. परंतु यात्रेचा परिणाम समजून घ्यायचा तर दांडीबाहेर पाहावे लागते. कोकणात शिरोड्याला आणि मुंबईत वडाळ्याला लोक मिठागरांवर गेले. जेथे समुद्र नाही तेथे, आणि काही ठिकाणी किनाऱ्याजवळही, जंगलातील गवत-लाकूड घेण्यावर बंधने घालणारा जंगल कायदा मोडला गेला : लोकनायक बापूजी अणे यांनी जुलै 1930 मध्ये पुसदला तो मोडला, आणि सप्टेंबरात उरणजवळ चिरनेरला झालेल्या गोळीबारात सत्याग्रहींनी प्राण गमावले. 21 मे रोजी गुजरातमधील धारासणा येथील मिठागरावर हात न उचलता लाठ्या झेलणाऱ्या स्वयंसेवकांचे वृत्त अमेरिकी पत्रकार वेब मिलर यांनी जगभर पोहोचवले. वर्षाअखेरीस 60 हजारांहून अधिक लोक तुरुंगात गेले होते.

5 मार्च 1931 च्या गांधी-आयर्विन करारानेही मिठावरचा कर हटला नाही. मीठ तयार होणाऱ्या भागातील गावकऱ्यांना घरच्या वापरापुरती मुभा मिळाली, इतकेच. म्हणून काही जण या लढ्याला निष्फळ ठरवतात. मला ते मुळीच पटत नाही. यात्रेपूर्वी गांधीजींनी लिहिलेल्या पत्राला ज्या व्हाइसरॉय आयर्विनने सचिवाकरवी त्रोटक उत्तर धाडले होते, त्यालाच वर्षभरात त्यांच्यासमोर बसून वाटाघाटी कराव्या लागल्या आणि हे साऱ्या देशाने पाहिले.

शाळांनी येथे सहल अवश्य न्यावी. मात्र निघण्यापूर्वी वर्गात शिरोडा, पुसद आणि चिरनेर यांची माहिती द्यावी. 5 एप्रिलच्या रात्री गांधीजी ज्या सैफी विलामध्ये राहिले, ती वास्तूही जवळच आहे. तिच्यासाठी वेळ राखून ठेवावा.