पिवळ्या पाठीची नॅन्सी ड्रू: संच घेताना आतलं साल बघून घ्या

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत लेकीसाठी नॅन्सी ड्रू या अमेरिकन गुप्तहेर मुलीच्या रहस्यकथांचा ५६ पुस्तकांचा पिवळा संच घेतला. मग एकातून एक वाढत गेलं. पहिल्या काही पुस्तकांच्या मूळ मजकुराच्या पुनर्मुद्रित प्रती आल्या, हार्डी बॉईज या दोन गुप्तहेर भावांची मूठभर जुनी पुस्तकं आली, आणि शेवटी हार्डी बॉईज प्रत्यक्ष लिहिणाऱ्या लेस्ली मॅकफार्लेनचं आत्मचरित्रही. आता शाळेचं वर्ष संपत आलंय आणि संच पुरेसा मळलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी वस्तू म्हणून. पुठ्ठा बांधणी एकदम दणकट. दप्तरात कोंबली, गाडीच्या मागच्या सीटवर उन्हात पडली, एकावर दूध सांडलं. कव्हर गुळगुळीत असल्याने पुसून घेतलं की झालं. पानं अजून एकाही पुस्तकाची सुटलेली नाहीत. कागद सामान्यच आहे, पण टाइप मोठा आणि मोकळा, त्यामुळे पाचवीतली मुलगी न अडखळता वाचते. चित्रं थोडी आणि जुन्या वळणाची. ती तिने बघितलीसुद्धा नाहीत.

तक्रार आहे ती दुसरीच. एका ऑनलाइन विक्रेत्याने ‘मूळ मजकूर’ म्हणून पाठवलेल्या प्रती उघडल्या तर आत सुधारित मजकूर. पैसे परत मिळाले, पण त्यासाठी बरीच पत्रापत्री करावी लागली. कव्हरवर नाव तेच, लेखिका तीच, कॅरोलिन कीन. फरक कळणार कसा? तर कॉपीराइटच्या पानावर. १९५९ पासून या मालिकेतली पहिली ३४ पुस्तकं एकेक करून पुन्हा लिहिली गेली, आणि आज दुकानात सरसकट मिळतात ती हीच. १९३० च्या पुस्तकाखाली १९५९ किंवा त्यानंतरचं साल छापलेलं दिसलं की समजायचं. प्रकरणं मोजली तरी कळतं: मूळ पुस्तकांत २५, सुधारितांत २०.

मालिकेतलं पहिलं पुस्तक, जुन्या घड्याळाची गोष्ट, आम्ही दोन्ही रूपांत शेजारी ठेवून वाचलं. १९३० ची नॅन्सी सोळा वर्षांची. पुस्तक उघडतं तेच बापलेकीच्या गप्पांवर: टॉपहॅम कुटुंबाला तो सगळा पैसा मिळाला तर काय, वगैरे. सुधारित नॅन्सी अठराची, आणि पहिल्याच प्रकरणात एक लहान मुलगी पुलावरून पडते आणि नॅन्सी धावते. वेग वाढलाय, गप्पा कापल्यात. लेकीला सुधारित जास्त आवडलं, मला मूळ. मूळची नॅन्सी फटकळ आहे, स्वतःच्या डोक्याने चालते. नंतरची जरा शहाण्यासारखी वागते.

पण मूळ मजकूर मुलांच्या हातात तसाच देऊ नका, सोबत बसा. त्यातला बंगल्याचा रखवालदार जेफ टकर काळा आहे, आणि तो दारुडा, बावळट, मोडकंतोडकं बोलणारा दाखवलाय. वाचताना घशात अडकतं. १९५९ मध्ये तोच माणूस गोरा आणि साधा फसवला गेलेला झाला. एक मात्र खरं: आक्षेपार्ह भाग काढताना बऱ्याच ठिकाणी अशा माणसांनाच गोष्टीतून काढून टाकलंय. लेकीशी यावर बरीच चर्चा झाली, आणि तेवढ्यासाठी तरी दोन्ही प्रती घेतल्याचं सार्थक झालं.

काही पुस्तकांत तर नावाखेरीज काहीच उरलेलं नाही. शेवाळलेल्या वाड्याची गोष्ट घ्या. १९४१ च्या पुस्तकात वाड्यात जंगली जनावरं. १९७१ च्या पुस्तकात फ्लोरिडाचं अवकाश केंद्र आणि रॉकेट! हार्डी बॉईजचंही तेच, तिथे एका पुस्तकाचं फक्त शीर्षक ठेवून आतली गोष्ट अख्खी बदललीय.

आता ही कॅरोलिन कीन कोण? आम्ही राहतो न्यू जर्सीत, एडिसनला. इथून न्यूयॉर्कला जाणारी लोकल वाटेत एलिझाबेथला थांबते, आणि हा सगळा उद्योग उभा करणारा एडवर्ड स्ट्रॅटमायर त्याच गावचा, जन्म १८६२. एकट्याला सुचतं ते एकट्याने लिहून संपेना, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने सिंडिकेट काढलं. तो कथानकाचा दोन-तीन पानी आराखडा करायचा, कुणा होतकरू पत्रकाराला द्यायचा, तो काही आठवड्यांत पुस्तक लिहून द्यायचा. एकरकमी पैसे, रॉयल्टी नाही, हक्क सोडल्याची सही, आणि तोंडाला कुलूप. नावं सिंडिकेटच्या मालकीची: बॉब्सी जुळ्यांची लॉरा ली होप, टॉम स्विफ्टचा व्हिक्टर ॲपल्टन, हार्डी बॉईजचा फ्रँकलिन डब्ल्यू. डिक्सन. लिहिणारा सोडून गेला, आजारी पडला, मेला, तरी ‘लेखक’ जिवंत. इतर मुलांची पुस्तकं डॉलर-सव्वा डॉलरला असताना त्याने ५० सेंटला विकायला लावली, आणि नव्या मालिकेची पहिली तीन पुस्तकं एकदम बाजारात आणायची पद्धत ठेवली. एखाद्या पापडाच्या घरगुती उद्योगासारखं: लाटणाऱ्या बायका वेगळ्या, पाकिटावर नाव एकच.

आमच्या घरात हे कळल्यावर लेकीने फास्टर फेणेकडे संशयाने बघितलं. नाही, तो एकट्या भा. रा. भागवतांचा आहे, असं शपथेवर सांगावं लागलं.

नॅन्सीची पहिली तीन पुस्तकं २८ एप्रिल १९३० ला आली आणि १० मे ला स्ट्रॅटमायर वारला. आपण काय सोडून चाललोय याची त्याला कल्पनाच नसणार. ती पुस्तकं आयोवाच्या मिल्ड्रेड वर्टने लिहिली, प्रत्येकी १२५ डॉलरला. पहिल्या ३० पैकी २३ तिची. मंदीत दर ७५ वर आणला तेव्हा तिने नकार दिला, म्हणून आठ ते दहा क्रमांकाची पुस्तकं वॉल्टर कारिग नावाच्या पत्रकाराने लिहिली. दहाव्याची मूळ प्रत आमच्याकडे आहे. नाव माहीत नसतं तरी हात वेगळा आहे हे जाणवलं असतं. माझ्या मते तिथली नॅन्सी जरा दबलेली आहे.

एडवर्डची मुलगी हॅरिएट ॲडम्स हिने पुढे पन्नास वर्षं गाडा ओढला, सुधारित मजकुराची कात्रीही बव्हंशी तिचीच, आणि आपणच कॅरोलिन कीन असं ती जाहीरपणे सांगत राहिली. १९८० मध्ये प्रकाशकांचा वाद न्यूयॉर्कच्या कोर्टात गेला, तिथे मिल्ड्रेड साक्षीला उभी राहिली आणि मूळ हात कुणाचा ते जगजाहीर झालं. ती शेवटपर्यंत टोलीडोच्या वर्तमानपत्रात लिहीत होती. २००२ मध्ये, ९६ व्या वर्षी गेली. तिचा टाइपरायटर स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. हॅरिएटला सरळ खोटारडी म्हणणं मला पटत नाही, आराखडे, संपादन आणि नंतरची पुस्तकं तिची होतीच. पण रॉयल्टी नाही ते नाही, निदान नाव तरी द्यायचं!

या सगळ्या खरेदीतलं सगळ्यात आवडलेलं पुस्तक मात्र मुलांचं नव्हेच. मॅकफार्लेनचं १९७६ चं आत्मचरित्र. हा कॅनडाचा, १९२६ मध्ये जाहिरात वाचून अर्ज केला आणि वर्षभरात हार्डी बॉईज लिहायला लागला. साहित्यिक म्हणून नाव व्हावं ही इच्छा, आणि पोट भरायला हे काम. कंटाळा येऊ नये म्हणून त्याने मूळ पुस्तकांत गावचे पोलीस विनोदी केले आणि जेवणाची वर्णनं भरभरून लिहिली. सुधारित आवृत्तीत पोलीस कर्तबगार झाले. तिथली गंमतच गेली. त्याच्या मुलाला कपाटातली ती पुस्तकं बघून बाबांना लहानपणी आवडायची असं वाटलं होतं. बाबांनीच लिहिलीत हे तेव्हा कळलं.

मुलांच्या दृष्टीने खटकलेलं एक: दर पुस्तकात सुरुवातीला आधीच्या पुस्तकाची आठवण आणि शेवटी पुढच्याची जाहिरात. प्रकरणं ऐन मोक्यावर तुटतात. ओळीने वाचली की दहाव्या पुस्तकापर्यंत साचा उघडा पडतो, लेकीने पंधराव्यानंतर दोन महिने हात लावला नाही. मी डोंबिवलीच्या लायब्ररीतून एकेक आणून वाचायचे तेव्हा पुढचा भाग मिळेलच याची खात्री नसायची, त्यामुळे बहुतेक साचा लक्षात आला नसावा.

घ्यायचं असेल तर ५६ चा संच नका घेऊ. पहिली पाच-सहा सुधारित घ्या, मुलाला रुचली तर पुढची लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या सेलमध्ये मिळतात. मूळ मजकूर हवा असेल तर पुनर्मुद्रणावर तसा स्पष्ट उल्लेख आहे का बघा. १९३० ची चारही नॅन्सी पुस्तकं १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत प्रताधिकारमुक्त झालीत, म्हणजे आता कुणीही छापेल. स्वस्तातली प्रत घेण्याआधी पहिलं प्रकरण चाळा. बापलेकीच्या गप्पांनी सुरू होत असेल तर मूळ, पुलावरून मुलगी पडली तर सुधारित.